दुष्काळानं हलवलेले सामने

शनिवार, ९ एप्रिल २०१६. विटा, रात्रीचे आठ.

पाडवा काल झाला. दाराच्या चौकटीला लावलेला कडुलिंबाचा डहाळा एका दिवसात वाळून कुरकुरीत झालाय. तुम्ही एसटी स्टँडवरून चालत यंत्रमागांच्या गल्लीत शिरता. माग पाहण्याआधी त्यांची खटखट कानावर येते, मग छातीत जाणवते. शेडच्या दारात उभा असलेला कामगार केसांवरचे कापसाचे तंतू झटकतो आणि समोरच्या चहाच्या गाड्याकडे निघतो. शेजारच्या दुकानात टीव्ही लागलाय. तुम्हीही जाऊन उभे राहा.

या प्रवासाचे नियम दोनच. दिसेल ते पाहायचं, आणि पुढं काय झालं हे ठाऊक असलं तरी तोंडातून काढायचं नाही.

वानखेडेवर आयपीएलचा पहिला सामना सुरू आहे. मुंबई इंडियन्स आणि नवा संघ रायझिंग पुणे सुपरजायंट्स.

"पावनं, कुणाकडनं? मुंबई का पुणं?"

तुम्ही पुणं म्हणता. गाड्यावर हशा होतो. मुंबई १२१ वर अडकते, अजिंक्य रहाणे नाबाद ६६ करतो आणि पुणं ९ गडी राखून जिंकतं. तुमच्या चहाचे पैसे तो कामगारच देऊन टाकतो. इथं कुणालाही क्रिकेट नको आहे, अशी कल्पना करून आला असाल तर ती सोडून द्या. दसऱ्याला देवाच्या पालख्या घेऊन पळणारं हे गाव आहे. ईर्ष्या, शर्यत, हार-जीत त्याला कुणी शिकवायला नको.

कांड्या भरणारी एक मावशी पाळी संपवून घरी निघालीय. टीव्हीपुढं क्षणभर थबकते. कॅमेरा उंचावरून मैदान दाखवतोय.

"ह्ये एवढं हिरवं कशानं ऱ्हातंय रं?"

"पाणी मारत्यात मावशी."

"ते कळतंय. कुठलं?"

पोरगं गप्प. मावशी पुढं सांगत राहते, तुमच्याकडं बघून, कारण तुम्ही नवे आहात. तिचं माहेर घाटमाथ्यावर. तिथं टँकर आला की आधी म्हाताऱ्यांच्या घागरी भरायच्या असं ठरलंय, तरी भांडणं होतात. वहिनी टँकरच्या दिवशी रोजगाराला जात नाही, म्हणजे तेवढा रोज बुडाला. पाण्याचा खर्च असा मजुरीतून कापला जातो. कुठल्या वहीत तो चढत नाही.

टीव्हीवर आता जाहिरात. स्पर्धेच्या नावातच या वर्षीपासून विवो या मोबाइल कंपनीचं नाव आहे. आधी पेप्सीचं होतं. नाव सीमारेषेवर, यष्टींवर, समालोचकाच्या तोंडात. मावशीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या नावाकडं कुणी मागत नाही.

आणि टंचाई काही कालपरवा अचानक उगवलेली नाही. सरकारनं ऑक्टोबर २०१५ मध्येच चौदा हजारांहून अधिक गावांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचं जाहीर केलंय. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लागलंय. त्याच मार्चमध्ये आयपीएलचं वेळापत्रकही जाहीर झालंय: मुंबई, पुणे, नागपूर. दोन्ही कागद एकाच राज्यात, एकाच महिन्यात निघाले. ते शेजारी ठेवून वाचायचं काम कुणाकडं नव्हतं.

सोमवार, ११ एप्रिल. मिरज.

रेल्वेच्या आवारात खडीवरून चालताना तळव्यांना चटका बसतो. रुळावर दहा टाक्यांची गाडी उभी आहे. या टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून आल्यात. आतून वाफेनं धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी तयार केलेल्या. रेल्वेच्या हैदरखान विहिरीवरून पाणी येतंय आणि एकेका टाकीत साधारण पन्नास हजार लिटर भरलं जातंय. एका जोडातून धार उडते. पाठीवर दप्तर असलेला पोरगा खाली रिकामी बाटली धरतो आणि कुणी काही बोलायच्या आत भरून घेतो. तुमच्या शेजारचा रेल्वे कामगार जोड आवळतो, हात पँटला पुसतो, आणि पुसलेला हात पुन्हा त्या ओल्या लोखंडावर ठेवून उभा राहतो.

दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. जायचंय लातूरला, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गार्डच्या डब्यात चढा.

आरग, बेळंकी, सलगरे मागं पडतात. कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड. नकाशात ही सांगलीची पूर्व बाजू. कृष्णेच्या काठचा ऊस तासाभरापूर्वीच संपला. आता कुसळं, बाभळी आणि कोरडे ओढे. पश्चिमेला महापुराला भिणारा आणि पूर्वेला टँकरची वाट बघणारा असा हा एकच जिल्हा. गाडी एका ठिकाणी सिग्नलला थांबते. रुळाकडेला शेळ्या राखणारा म्हातारा टाक्यांकडं बघत विचारतो, "काय तेल हाय का?"

"पाणी. लातूरला चाललंय."

"जाऊ द्या, जाऊ द्या. त्यास्नी जास्त नड आसंल." मग थोडं थांबून, "आमच्यात थांबा न्हाई व्हय तिला?"

त्याच्या बोलण्यात तक्रार आहे की थट्टा, हे गाडी सुटेपर्यंत तुम्हाला ठरवता येत नाही. दुष्काळी माणूस दुसऱ्या दुष्काळी माणसाच्या पाण्याला सहसा आडवा येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. मंगळवारी पहाटे गाडी लातुरात पोचते.

बुधवार, १३ एप्रिल. मुंबई उच्च न्यायालय.

लाकडी बाकावर मागच्या रांगेत जागा मिळते. न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांचं खंडपीठ. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेची जनहित याचिका: राज्य तहानलेलं असताना खेळपट्ट्या आणि मैदानांवर सुमारे साठ लाख लिटर पाणी घालायचं का? गेल्या आठवड्यातच न्यायालयानं क्रिकेट मंडळाला आणि राज्यातल्या संघटनांना खडे बोल सुनावलेत. पहिला सामना मात्र थांबवलेला नाही. तयारी पूर्ण झाली होती.

आज मंडळ तोडगे घेऊन आलंय. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शुद्ध केलेलं सांडपाणी मैदानांसाठी वापरू. मुंबई आणि पुण्याचे संघ मुख्यमंत्र्यांच्या दुष्काळ निधीला प्रत्येकी पाच कोटी देतील. तुम्ही ऐकत राहता आणि हळूहळू एक गोष्ट खटकू लागते. पाण्याचा प्रश्न विचारला की उत्तर पैशाच्या रूपात येतं. हक्काचा प्रश्न विचारला की उत्तर देणगीच्या रूपात. आणि ज्याचं नाव स्पर्धेच्या कपाळावर आहे, त्याचं नाव या युक्तिवादात तुमच्या कानावर पडत नाही.

निकाल येतो: ३० एप्रिलनंतरचे सगळे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. अंतिम सामना धरून तेरा. पुढं संघटना सर्वोच्च न्यायालयात जातील आणि २७ एप्रिलला रिकाम्या हातानं परततील. पुण्यातला १ मेचा एक सामना तेवढा उच्च न्यायालयाच्या परवानगीनं होईल. पण हे तुम्हाला माहीत असलं तरी गप्प राहायचं ठरलंय.

व्हरांड्यात दोन वकील वाद घालतायत. एक म्हणतो, हा नुसता देखावा झाला. उसाला पाणी चालू आहे, पोहण्याचे तलाव भरलेत, बंगल्यांची हिरवळ तशीच आहे, क्रिकेटवालेच सापडले? त्याचं म्हणणं उडवून लावू नका. कागद काढा आणि हिशोब करा. साठ लाख लिटर म्हणजे काल लातुरात पोचलेल्या गाडीच्या बारा खेपा. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांहून थोडी जास्त. वाटलं तर माणशी पंधरा-सोळा लिटर. तेही एकदाच. एक बादली. महाराष्ट्राचा दुष्काळ त्या बादलीनं हटणार नव्हता, आणि राज्यातली थोडीशी जमीन अडवून सिंचनाच्या पाण्याचा भलामोठा वाटा पिणाऱ्या उसाला त्या दिवशी कुणी हातही लावला नाही.

मग न्यायालयानं केलं काय? रांग ठरवली. पाणी कमी असेल तेव्हा आधी कुणाचं भांडं भरायचं, हे सामन्याच्या तिकिटांवर, प्रक्षेपणाच्या हक्कांवर किंवा निधीतल्या कोटींवर ठरत नाही, एवढं मान्य करायला लावलं. ज्यांच्याकडं मैदान आहे त्यांनाही त्या रांगेत उभं केलं. उसाला रांगेत आणणं बाकी आहे, म्हणून क्रिकेटला सोडा, हे म्हणणं रांगच मोडण्यासारखं आहे.

बाहेर फोर्टात निळ्या पताका लागतायत. उद्या १४ एप्रिल, बाबासाहेबांची १२५ वी जयंती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्या लोकांनी रांगेचाच प्रश्न विचारला होता. तेव्हा रांग जातीची होती.

आता वर्षं मागं घ्या. १९८० चं दशक उतरणीला लागलेलं. बलवडी, येरळेचं पात्र.

विट्यापासून ही जागा फार लांब नाही. नदी म्हणायची, पण पायाखाली वाळू. दुष्काळ सलग पडलाय. ठेकेदारांचे ट्रक वाळू उपसून शहरांकडं नेतायत. वाळू गेली की पाणी मुरत नाही आणि काठच्या विहिरी खाली जातात. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेली माणसं खानापूर तालुक्यात घरोघरी आहेत. मुंबईत त्यांनी युनियन पाहिलीय. इथं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना ती विचारतात, ही खडी फोडून दुष्काळ जातो का? मुक्ती संघर्ष चळवळ याच माणसांतून उभी राहिलीय. डॉ. भारत पाटणकर त्यांच्यात आहेत, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते येऊन नदीचा, पावसाचा, पिकांचा हिशोब गावासोबत मांडतायत.

बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांची मागणी ऐका: आमच्या नदीतली वाळू ठेकेदारानं नाही, आम्ही विकू. थोडीच विकू. त्या पैशात बंधारा बांधू. बांधलाही. नाव दिलं बळीराजा स्मृती धरण.

पण तुम्ही आलात ते बंधारा पाहायला नाही, बैठक ऐकायला. वाळूवरच माणसं बसलीत. प्रश्न एकच: पाणी आलं की ते कुणाचं? ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, हा सगळीकडचा रिवाज. इथं एक बाई उठते.

"आमची जमीन न्हाई. मग आमी दगडं वाहिली ती कशाला?"

थोडा गलका होतो. मग ठरतं ते असं: पाणी जमिनीमागं नाही, कुटुंबामागं. प्रत्येक घराला सारखा वाटा. जमीन नसलेल्या घरालाही. त्यानं तो वाटा कुणाच्या जमिनीवर बटईनं वापरावा. समन्यायी पाणीवाटप म्हणून पुढं जे गाजलं, नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून ज्याचा आग्रह वर्षानुवर्षं धरला, त्याचा एक धडा या वाळूत गिरवला गेला. यात बघण्यासारखा आहे तो क्रम. आधी माणसं मोजली, मग पाणी मोजलं, मग पिकं ठरवली. सामन्यांच्या बाबतीत उलट झालं होतं. आधी तारखा ठरल्या, मग नावं विकली गेली, मग पाणी शोधलं, आणि माणसं मोजायची पाळी न्यायालयात आली.

२०१६ कडं परतण्याआधी दोन ठिकाणी थांबायचं नाही, फक्त वेग कमी करायचा.

पहिलं ठिकाण कराडजवळचं गोळेश्वर, १९५२. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढलीय. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केलेत. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कुस्तीतलं कांस्य, घेऊन खाशाबा परततात तेव्हा बैलगाड्यांची रांग नजरेत मावत नाही. पैसे घालणारे आणि मिरवणुकीत चालणारे लोक एकच आहेत. त्यांनी कुठं आपलं नाव लावून घेतलेलं नाही.

दुसरं ठिकाण चाकणजवळचं शिंदे-वासुली, २००८ चा जुलै. डाऊ केमिकल या कंपनीचं संशोधन केंद्र इथं नको म्हणून गावकरी आणि वारकरी रस्त्यावर आहेत. भोपाळच्या वायुकांडाची युनियन कार्बाइड डाऊनं २००१ मध्ये विकत घेतलीय. भोपाळच्या पीडितांची देणी आपल्यावर येत नाहीत, ही डाऊची भूमिका. हे केंद्र शेवटी होत नाही. पण दोनच वर्षांनी, जुलै २०१० मध्ये, तीच कंपनी ऑलिंपिकची जागतिक प्रायोजक होते. लंडन २०१२ च्या स्टेडियमभोवतीचं आवरण तिच्या पैशातून. जानेवारी २०१२ मध्ये लंडनच्या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या आयोगातून मेरेडिथ अलेक्झांडर या प्रश्नावर राजीनामा देतात; भोपाळमध्ये वायुपीडितांची मुलं स्वतःचं वेगळं ऑलिंपिक भरवतात. आवरणावर कंपनीचं नाव राहत नाही. करार राहतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांचा गाभा साधा आहे: धंदा करताना, आणि ज्यांच्याबरोबर धंदा करता त्यांच्या हातूनही, माणसाच्या हक्काला धक्का लागतोय का हे आधी तपासा, लागला असेल तर भरून द्या. नंतर कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेल्या मजुरांच्या हालांवरून जगभर ओरड झाली तेव्हाही हेच विचारलं गेलं, आणि नावं झळकवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी बोलणं लांबवलं. प्रायोजक प्रत्यक्ष पाणी उपसत नाही, मजुराला उन्हात उभं करत नाही, हे खरंच आहे. तो फक्त दिवस ठरवण्यात, जागा ठरवण्यात आणि गप्प राहण्यात पैसे घालतो.

रविवार, २९ मे २०१६. बेंगळुरू, नगरथपेठ.

सोनाराच्या गल्लीतलं एवढंसं दुकान. आत मराठी ऐकू येतं, तेही खानापूर-आटपाडीकडचं. पंख्याच्या झोतानं भट्टी लालभडक झालीय. कारागीर मुशीत जुनी मोडकी साखळी टाकतो, वर चिमूटभर टाकणखार, आणि चिमट्यानं मूस हलवत सोनं पातळ होईपर्यंत नजर हटवत नाही. तेजाबाचा दर्प तुमच्या घशाला लागतो. विट्याच्या आसपासची गावंच्या गावं याच धंद्यात देशभर पसरलीत: केरळ, तमिळनाडू, दिल्ली, पंजाब. याचे वडील बहात्तरच्या दुष्काळात बाहेर पडले. आधी कुणाच्या तरी दुकानात भांडी घासली, भट्टी फुंकली, मग कसब हाताला आलं.

कोपऱ्यात मोबाइलपेक्षा थोडासाच मोठा टीव्ही. चिन्नास्वामी मैदान इथून काही कोसांवर नाही, पण तिकीट कोण काढणार? सनरायझर्स हैदराबादच्या २०८, बेंगळुरूच्या २०० वर सात. आठ धावांनी अंतिम सामना हैदराबादचा. हाच सामना मुंबईत व्हायचा होता.

कारागीर लगड बाजूला ठेवतो, कपाळ पुसतो आणि तुमच्याकडं वळतो. "बगा, दुष्काळामुळं आमचं घर हितं आलं. आता म्याचबी हितंच आली." मग हसतो. "पर ती फुडच्या साली परत जाईल."

तो बरोबर बोललाय. २०१७ मध्ये मुंबईचं वानखेडे आणि पुण्याचं गहुंजे या दोन्ही मैदानांवर आयपीएल परतली. मधल्या काळात मुंबई-पुण्याचे संघ विशाखापट्टणमला घरचे सामने खेळले, नागपूरचे सामने मोहालीला गेले, आणि फलक, जाहिराती, स्पर्धेचं नाव सगळं त्यांच्याबरोबर गेलं. पुढं मिरजेच्या गाडीला पन्नास टाक्या लागल्या. एका खेपेला पंचवीस लाख लिटर. सामना हलवता येतो, म्हणूनच तो हलवण्याचा आदेश देता आला. रुळाकडेच्या म्हाताऱ्याला, घाटमाथ्यावरच्या वहिनीला कुठल्या आदेशानं हलवणार? त्यांच्यासाठी पाणीच हलवावं लागतं, आणि त्याला टेंभूसारखी उपसा सिंचन योजना लागते. ती १९९६ मध्ये सुरू झाली आणि या २०१६ च्या मे महिन्यातही पूर्व भागातली कित्येक शिवारं तिच्या पाण्याची वाट बघतायत.

आता तुम्ही आजच्या तारखेला आलात. बोलायची मोकळीक आहे, तेव्हा बोला. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत, २०३६ च्या ऑलिंपिकसाठी देशानं हात वर केलाय. मैदानं बांधली जातील, त्यांना पाणी लागेल, ती बांधायला कुठल्या तरी दुष्काळी तालुक्यातली माणसं जातील, आणि प्रत्येक भिंतीवर कुणाचं तरी नाव लागेल. बलवडीच्या वाळूत बसलेल्या लोकांची पद्धत इथंही चालते: आधी माणसं मोजा. यजमानपद मागताना पाण्याचा आणि मजुरांचा हिशोब जाहीर करा. नाव लावणाऱ्या कंपनीनं करारावर सही करण्याआधी तो वाचल्याचं लिहून द्यावं. टंचाई जाहीर झाली की सामने कुठं जातील, हे वेळापत्रकातच छापा. २०१६ च्या स्पर्धेआधी हे सगळं ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत करता आलं असतं. ते केलं नाही म्हणून दोन न्यायमूर्तींना एप्रिलमध्ये करावं लागलं, तेही स्पर्धा सुरू झाल्यावर. पुढच्या खेपेला मावशीचा "कुठलं?" हा प्रश्न मैदान ठरवण्याच्या बैठकीतच कुणीतरी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय तारीख ठरू नये.